साठेखत नोंदवलं, मुदत संपली, पण विक्रेता खरेदीखताला येत नाही. आता काय करावं?

उंबरठा

महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीतला रिसेल फ्लॅट आहे. व्यवहार कुठवर आलाय ते आधी सांगतो.

साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदवलंय. स्टँप ड्यूटी पूर्ण भरली, नोंदणी फी भरली. किंमत ५० लाखांच्या वर आहे. १५ टक्के रक्कम बँकेतून दिली आणि तिच्यावरचा १ टक्का टीडीएसही भरून झाला. उरलेली बहुतेक रक्कम गृहकर्जातून जाणार आहे. मंजुरीपत्र हातात आहे, पण त्याची मुदत पाच आठवड्यांत संपते.

साठेखतात 'साठ दिवसांत खरेदीखत व ताबा' असं लिहिलंय. आज ८१वा दिवस. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर आहे आणि त्यांचं कर्ज अजून चालू आहे. आधी कारण होतं 'बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचं याचं पत्र) यायचंय', मग 'पत्नी परगावी आहे', आणि आता 'आमच्या नव्या घराचा ताबा लांबलाय, दोन महिने द्या'. सगळं बोलणं फोनवरच. एजंट म्हणतो, आणखी पाच लाख थेट त्यांच्या खात्यात टाका, म्हणजे ते कर्ज लवकर बंद करतील.

प्रश्न तीन. पाच लाख द्यावेत का? दोन महिने द्यायचे असतील तर कसे द्यावेत? आणि हे शेवटी फिसकटलंच तर पैसे आणि स्टँप ड्यूटीचं काय?

---

सूचीदोन

पाच लाख देऊ नका. विक्रेत्याच्या बचत खात्यात गेलेला पैसा कर्जखात्यात पोचेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कर्ज फेडण्यासाठी पैसा द्यायचाच असेल तर तो सरळ त्यांच्या कर्जखात्यावर जायला हवा, तोही फोरक्लोजर लेटर हातात आल्यावर. त्याची रीत बँकेच्या कामातलं कोणीतरी नीट सांगेल.

त्याआधी एक काम आजच्या आज करा. आतापर्यंतचं सगळं बोलणं फोनवर झालंय, म्हणजे कागदावर तुमची बाजू कोरी आहे. उद्या विक्रेता म्हणू शकतो, 'यांचं कर्जच मंजूर नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो.' ते खोडायला तुमच्याकडे काय आहे? विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम १६ प्रमाणे, खरेदीखत करून मागणाऱ्याला आपण पैसे द्यायला सतत तयार आणि राजी होतो हे सिद्ध करावं लागतं. 'सतत' म्हणजे मुदतीच्या दिवशी, नंतर आणि दावा चालू असतानाही. म्हणून ईमेल पाठवा, सोबत मंजुरीपत्राची प्रत जोडा, स्वतःच्या वाट्याची रक्कम खात्यात असल्याचा बँकेचा दाखला जोडा, आणि विक्रेत्याकडून काय काय बाकी आहे ते तारखांसह लिहा. भाषा सभ्य ठेवा, ही अजून नोटीस नाही. पती आणि पत्नी दोघांनाही पाठवा, कारण सह्या दोघांच्या लागणार आहेत. फक्त एकाशी बोलत राहिलात, तर दुसरा 'मला काही कळवलंच नव्हतं' म्हणायला मोकळा.

फोन आला तर बोला, पण ठेवल्यावर लगेच मेसेज टाका: 'आता बोलल्याप्रमाणे फोरक्लोजर लेटर १२ तारखेपर्यंत देणार आहात.' समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी नोंद राहते. चॅट पुसू नका आणि जुना फोनही विकू नका. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असला तर बरं.

आणखी दोन छोटी कामं. साठेखताची आणि सूची क्र. २ ची (नोंदलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाने दिलेला गोषवारा) प्रत सोसायटीत देऊन आवक शिक्का घ्या, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नावे हस्तांतराचा अर्ज आला तर कमिटीला आधीच्या कराराची माहिती नव्हती असं होणार नाही. आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या मिळकतीचा शोध पुन्हा घ्या. साठेखतानंतर नवा दस्त किंवा गहाणाची नवी नोटीस ऑफ इंटिमेशन (फ्लॅट गहाण ठेवल्याची नोंदणी विभागाला दिलेली सूचना) दिसली, तर उशिराचं खरं कारण तिथेच सापडेल. हा शोध पुढचा प्रत्येक पैसा देण्याआधी घ्यायचा.

---

कर्जखाते

कर्ज बंद करण्याचा भाग सांगतो. अशा व्यवहारांत सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात, आणि त्यातला बराच उशीर विक्रेत्याच्या मनात काही काळंबेरं नसतानाही होतो.

विक्रेत्याने त्याच्या बँकेला दोन कागद मागायचे असतात: फोरक्लोजर लेटर आणि लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स. पहिल्यात किती येणं आहे, ते कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे आणि त्यापुढे रोजचं व्याज किती, हे असतं. दुसऱ्यात बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत याची यादी असते. तुमची बँक या दोन्हीशिवाय हलणार नाही. विक्रेता 'अर्ज केलाय' म्हणत असेल तर अर्जाचा नंबर मागा. नंबर मिळत नसेल, तर अर्ज झालेलाच नाही असं समजून पुढचं ठरवा.

यादी आली की ती साठेखतातल्या कागदांशी ओळ न् ओळ ताडून पाहा. बिल्डरचा पहिला नोंदणीकृत करार, मधल्या प्रत्येक खरेदीचे करार, त्यांच्या नोंदणी पावत्या, सूची क्र. २, शेअर सर्टिफिकेट. मधला एखादा मूळ करार यादीत नसेल तर तो विक्रेत्याकडे घरी आहे की हरवलाय, हे त्याच दिवशी विचारा. हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, प्रतिज्ञापत्र, असा तीन-चार आठवड्यांचा मार्ग आहे. हे पैसे फिरण्याआधी कळलं तर निभतं. नंतर कळलं तर तुमचं कर्ज मधेच अडकतं.

मग तुमची बँक येणं असलेली रक्कम थेट विक्रेत्याच्या कर्जखात्यावर भरते. इथे तीन गोष्टी नेहमी चुकतात.

एक, रोजच्या व्याजाचा हिशेब. पत्र २५ तारखेपर्यंत वैध आणि पैसे पोचले २८ला, तर खात्यात किरकोळ बाकी राहते. पण त्या किरकोळ बाकीवर 'कर्ज फिटले' हा दाखला मिळत नाही. पाच-सात दिवसांचं जास्तीचं व्याज धरून भरा, उरलेलं विक्रेत्याला परत मिळतं.

दोन, टीडीएस. कर्जखात्यावर गेलेली रक्कमही विक्रेत्यालाच दिलेली धरली जाते, म्हणून तिच्यावरही १ टक्का लागतो. पण कर्ज बंद व्हायला रक्कम पूर्णच भरावी लागते, त्यातून कापता येत नाही. तो १ टक्का आधी स्वतःच्या खिशातून भरायचा आणि शेवटच्या हप्त्यातून वळता करायचा. हे आधी लिहून घेतलं नाही, तर शेवटच्या दिवशी यावरूनच वाद होतो.

तीन, मूळ कागद आणणं. ते शाखेत नसतात, मध्यवर्ती कोठारातून येतात, आणि घेताना बँका साधारणपणे सगळ्या कर्जदारांची हजेरी मागतात. पत्नी परगावी असेल तर आत्ताच तारीख ठरवा, किंवा बँकेला चालेल असं अधिकारपत्र करून ठेवा.

कागद मिळायला किती दिवस लागावेत, याला आता मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला नियम काढला. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना हा नियम लागू आहे. भरपाई तुम्हाला नाही, विक्रेत्याला मिळते, कारण कर्जदार तो. पण 'बँक कागदच देत नाही' असं तो म्हणाला, तर या नियमाचा हवाला देऊन बँकेला लेखी तक्रार करायला सांगा आणि तिची प्रत मागा. ही तक्रार करायला खरोखर अडकलेला माणूस मागेपुढे पाहत नाही.

बोजा उतरला का, हे सरसाईच्या (बँकांकडच्या गहाणांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतही तपासून घ्या.

सूचीदोन यांच्या उत्तराला एक पुरवणी. तुमची बँक 'आधी स्वतःच्या वाट्याची सगळी रक्कम भरा, मग आम्ही कर्ज देऊ' म्हणू शकते, बहुतेक बँकांची तीच पद्धत आहे. तेव्हा काही रक्कम आधी द्यावीच लागेल. ती देण्याची जागा मात्र तीच, विक्रेत्याचं कर्जखातं.

मंजुरीपत्राबद्दल. ते संपायची वाट पाहू नका, दोन आठवडे आधी मुदतवाढीचा अर्ज द्या. बँक नव्या पगारपावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि क्रेडिट स्कोअर पुन्हा पाहते. व्याजदर अनेकदा पैसे सुटतात त्या दिवशीचा लागतो. मधल्या काळात गाडीचं कर्ज किंवा मोठा ईएमआय घेऊ नका, नोकरी बदलणार असाल तर आधी बँकेशी बोला.

---

उंबरठा

आज दोघांना ईमेल पाठवला. उत्तर आलं: फोरक्लोजरचा अर्ज अजून केलेलाच नव्हता, उद्या करतो. म्हणजे नव्या घराचा ताबा हेच खरं कारण दिसतंय. ते म्हणतात, 'खरेदीखत करून घ्या, आम्ही दोन महिने राहतो आणि मग चावी देतो.' हे मान्य करावं का?

---

तिसरा_मजला

तोंडी तर अजिबात नाही, आणि खरेदीखतात 'ताबा नंतर देण्यात येईल' एवढ्या एका ओळीवरही नाही. पूर्ण पैसे मिळाल्यावर विक्रेत्याला घर सोडायची घाई उरत नाही. आणि बाहेर काढायचं म्हटलं तर तुम्हाला ताब्यासाठी नेहमीचा दिवाणी दावा लावावा लागतो.

द्यायचंच असेल तर असं करा. खरेदीखतात ताबा मिळाल्याचं लिहून घ्या आणि त्याच दिवशी विक्रेत्याबरोबर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. मालक तुम्ही, परवानाधारक ते, मुदत ६० दिवस, शेवटची तारीख आकड्यात आणि अक्षरात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही नोंदणी सक्तीची आहे. मुदत संपूनही ते बसले, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाईची तरतूदही त्याच कलमात आहे. नेहमीच्या दाव्यापेक्षा हा रस्ता बराच आखूड.

शुल्क नाममात्र ठेवू नका. 'आपलीच माणसं आहेत' म्हणून शंभर रुपये लिहिलंत, तर दुप्पट म्हणजे दोनशेच होतात. तिथलं चालू भाडं लिहा. सवलत द्यायची असेल तर ती खरेदीच्या किमतीत द्या, या आकड्यात नको.

दुसरा दोर म्हणजे रोखून ठेवलेली रक्कम. चावी हातात येईपर्यंत विक्रेत्याची काही रक्कम अडकलेली हवी, आणि ती त्याला बोचेल एवढी हवी. किमतीच्या दोन-तीन टक्क्यांखाली गेलात तर घर शोधणं टाळून तो ती सोडून द्यायला तयार होतो. ही रक्कम एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण झाल्यावरच पैसे सोडणारं तिऱ्हाइताकडचं खातं) किंवा दोघांना मान्य वकिलाकडे लेखी अटींवर ठेवा. पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेवू नका, तो तारखेला वटतोच, चावी मिळो न मिळो.

कर्ज देणाऱ्या बँकेला हे आधी कळवा. काही बँका विक्रेता घरात राहणार असेल तर पैसे सोडत नाहीत.

ज्या दिवशी घर रिकामं मिळेल त्या दिवशी वीजमीटरचं वाचन, गॅस जोडणी बंद केल्याची पावती, सोसायटीचा 'बाकी नाही' दाखला, मालमत्ता कराची शेवटची पावती, पार्किंगचं पत्र आणि सगळ्या चाव्या, हे ताबापावतीवर लिहून सह्या. खरेदीखतापर्यंतची सरकारी देणी विक्रेत्याने भरायची, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्येच आहे. पण लिहून घेतलेलं बरं, कारण दोन महिन्यांचं मेंटेनन्स बिल नेमकं दोघांच्या मधे पडतं.

---

दस्तनोंद

मुदतवाढ आणि नोटीस, या दोन गोष्टींवर लिहितो.

दोन महिने द्यायचं ठरलं तर पुरवणी करार करा आणि तो नोंदवा. मूळ साठेखत नोंदणीकृत असल्याने त्यातल्या अटी बदलणारा कागदही नोंदणीकृत असावा, नाहीतर पुढे त्याच्या ग्राह्यतेवरच वाद होतो. स्टँप ५०० रुपयांचा. त्यात नवी अंतिम तारीख, मधले टप्पे (फोरक्लोजर लेटर अमुक तारखेला, यादी अमुक तारखेला), आणि उशीर झाला तर दर दिवसाची भरपाई लिहा. भरपाईचा आकडा तुमच्या खऱ्या नुकसानाशी जुळणारा हवा: चालू घरभाडं, कर्जाचं मधल्या काळातलं व्याज, मुदतवाढीचा खर्च. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं, म्हणून दिवसाला पन्नास हजार असं लिहून काही हाती लागत नाही. सगळ्यात महत्त्वाची ओळ: 'मुदत ही या कराराची अत्यावश्यक अट आहे.'

ही ओळ इतकी महत्त्वाची का? जमीन-घराच्या व्यवहारात मुदत ही अत्यावश्यक अट नाही, असंच कोर्ट मुळात गृहीत धरतं. नुसतं 'साठ दिवसांत' लिहिलं म्हणून एकसष्टाव्या दिवशी करार मोडत नाही. तुमच्या साठेखतात ही ओळ नसेल, तर नोटीस देऊन वाजवी मुदत ठरवून ती तारीख अत्यावश्यक करावी लागते. साधारण १५ ते २१ दिवस देतात. कर्ज बंद व्हायचं असेल तर २१ किंवा ३० द्या. अशक्य मुदत दिलीत तर नोटीस तुमच्याच अंगावर येते.

मसुदा साधारण असा. वकिलाकडून तपासूनच पाठवा.

'दिनांक … रोजी नोंदविलेल्या साठेखतानुसार (दस्त क्र. …) खरेदीखत करून देण्याची व ताबा देण्याची मुदत दिनांक … रोजी संपली. उर्वरित रक्कम रुपये … देण्यास मी त्या दिवशी तयार होतो व आजही तयार आहे. बँकेच्या मंजुरीपत्राची व खात्यातील शिलकेच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. आपल्याकडून फोरक्लोजर लेटर, मूळ कागदपत्रांची यादी व सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला येणे बाकी आहे. हे कागद दिनांक … पर्यंत द्यावेत व दिनांक … रोजी सकाळी ११ वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतासाठी दोघांनीही उपस्थित राहावे. ही तारीख यापुढे कराराची अत्यावश्यक अट राहील. आपण उपस्थित न राहिल्यास करारपूर्तीसाठी, किंवा पर्यायाने दिलेली रक्कम व्याज व नुकसानभरपाईसह परत मिळण्यासाठी, योग्य ती कायदेशीर कारवाई केली जाईल.'

'करार रद्द समजला जाईल' हे वाक्य नोटिशीत घालू नका. घर हवं असेल तर ते वाक्य तुमचाच दावा मारतं. विक्रेता म्हणेल, करार तर यांनीच संपवला.

नोटीस दोघांना वेगवेगळ्या पाकिटांत पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा नोंदणीची सोय घेऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा संकेतस्थळावरून उतरवून ठेवा, तो तिथे कायम राहत नाही. पत्ता साठेखतातला. नवा पत्ता कळला असेल तर त्यावर दुसरी प्रत.

ठरलेल्या तारखेला खरंच कार्यालयात जा. आधी ऑनलाइन डेटा एंट्री करून टोकन घ्या, वेळ आरक्षित करा, मसुदा छापून न्या, दोन साक्षीदार न्या. विक्रेता आला नाही तर तिथूनच दोघांना मेसेज करा: 'मी साक्षीदारांसह हजर आहे, दुपारी एकपर्यंत थांबतो.' 'तयार आणि राजी' याचा याहून सरळ पुरावा नाही.

हे सगळं करायला अमर्याद वेळ मिळत नाही. मुदत अधिनियम १९६३ च्या अनुच्छेद ५४ प्रमाणे करारपूर्तीचा, म्हणजे कराराप्रमाणे खरेदीखत करून मिळण्याचा, दावा ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांत करावा लागतो. तारीख ठरलेलीच नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचं कळल्यापासून ३ वर्षं. पण अडीच वर्षं गप्प बसून केलेल्या दाव्याकडे कोर्ट संशयाने पाहतं.

---

सूचीदोन

शेवटचा प्रश्न राहिला, फिसकटलं तर काय.

घर हवं असेल तर करारपूर्तीचा दावा. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर करारपूर्ती देणं ही कोर्टाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही. कायद्यातले अपवाद सोडले तर ती द्यायची असते, त्यामुळे खरेदीदाराची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम आहे. तरी दाव्याला वर्षं लागतात आणि कोर्ट फी किमतीच्या हिशेबाने भरावी लागते. दाव्यात पैसे परत मिळण्याची पर्यायी मागणी पहिल्यापासून लिहा. त्याच अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ती मागितली नसेल तर मिळत नाही (दुरुस्ती अर्जाने घालता येते, पण तो आणखी एक फेरा). दावा दाखल होताच फ्लॅट दुसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरता मनाईहुकूम मागा आणि लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवा, म्हणजे पुढचा खरेदीदार शोध घेईल तेव्हा त्याला दावा दिसेल.

रेरा किंवा ग्राहक आयोगाकडे धाव घेऊ नका. रेरा प्रवर्तकाविरुद्ध, म्हणजे बिल्डरविरुद्ध, आहे. एका व्यक्तीने दुसऱ्याला राहता फ्लॅट विकणं यात प्रवर्तक नाही आणि सेवाही नाही. तिथे गेलेला वेळ वाया जातो.

पैसे परत घेऊन बाहेर पडायचं असेल तर क्रम सांभाळा. आधी पैसे खात्यात, मग रद्दपत्रावर सही. विक्रेता म्हणेल, 'आधी रद्दपत्र नोंदवा, नवा गिऱ्हाईक पैसे देईल त्यातून तुमचे देतो.' यात तुमचा हात सुटतो. तुम्ही दिलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर तुमचा बोजा राहतो, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५(६)(ब) तेच सांगतं. रद्दपत्र झालं की विक्रेत्याला घाई उरत नाही. डिमांड ड्राफ्ट किंवा आरटीजीएस नोंदणीच्या टेबलावर, त्याच वेळी. चेक घेतलाच आणि तो परत आला, तर परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यांना द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. यातली एक तारीख चुकली तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अधिनियमाच्या कलम १३८ चा (चेक न वटल्याच्या तक्रारीचा) मार्ग त्या चेकपुरता अवघड होतो.

स्टँप ड्यूटी: ताबा घेण्याआधी साठेखत नोंदणीकृत रद्दपत्राने रद्द झालं, तर परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण तो रद्दपत्राच्या नोंदणीपासून ६ महिन्यांत. म्हणूनच ताबापावतीवर घाईने सही करू नका. घर मिळालं नसताना 'ताबा मिळाला' अशी सही असेल तर परतावा अडतो. भरलेला टीडीएस मात्र विक्रेत्याच्या पॅनवर जमा असतो. तो सहज परत येत नाही, म्हणून परतीच्या हिशेबात ती रक्कम विक्रेत्याकडून मिळणाऱ्या पैशांत धरून घ्या.

---

नवीन_वाचक

साठेखत व्हायचं आहे अशांनी आधीच काय लिहून घ्यावं? आमचाही विक्रेता कर्जदार आहे.

---

कर्जखाते

टोकन रक्कम (बयाणा) देण्याआधीच फोरक्लोजर लेटर आणि कागदांची यादी मागा. ती आली की साठेखताची तारीख ठरवा. या एका अटीने अर्धा उशीर साठेखताच्या आधीच उघडा पडतो, आणि तेव्हा तुमची स्टँप ड्यूटी गुंतलेली नसते.

तारीख 'कर्ज फिटल्यानंतर साठ दिवसांत' अशी लिहू नका. कर्ज केव्हा फिटणार हेच विक्रेत्याच्या हातात असतं, म्हणजे मुदत सुरूच होत नाही. कॅलेंडरची तारीख लिहा. तुमच्या बँकेचा उशीर आणि विक्रेत्याचा उशीर वेगळा लिहा, एकाचा दंड दुसऱ्याला नको. मार्चच्या आसपास व्यवहार असेल तर साठेखत ३१ मार्चच्या आत नोंदवायचा प्रयत्न करा. रेडी रेकनरचे (स्टँप ड्यूटीसाठी सरकारने ठरवलेले मिळकतींचे) नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात, आणि विक्रेत्याच्या दहा दिवसांच्या उशिराने तुमची स्टँप ड्यूटी वाढू शकते. स्टँप ड्यूटीचं चलनही सही ठरल्याशिवाय भरून ठेवू नका, ते सहा महिन्यांत वापरावं लागतं.

विक्रेता परदेशी राहत असेल तर आणखी दोन महिने धरा. टीडीएस १ टक्का नाही, बराच जास्त लागतो, आणि तो कमी करून घ्यायचा दाखला आयकर खात्याकडून विक्रेत्याने आणायचा असतो. मुखत्यारपत्र तिकडे केलं असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथे स्टँप करावं लागतं. ते कधी आलं याचा पुरावा म्हणून कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, फेकू नका.

---

दस्तनोंद

वरच्या 'कॅलेंडरची तारीख' या मुद्द्यासाठी कलम असं लिहिता येईल:

'विक्रेत्याने दिनांक … पर्यंत आपले कर्ज बंद करून मूळ कागदपत्रे खरेदीदाराच्या बँकेस द्यावीत व दिनांक … रोजी किंवा त्यापूर्वी खरेदीखत करून रिकामा ताबा द्यावा. मुदत ही या कराराची अत्यावश्यक अट आहे. विक्रेत्याच्या कारणाने उशीर झाल्यास प्रतिदिन रुपये … शेवटच्या हप्त्यातून वळते केले जातील. उशीर ३० दिवसांपेक्षा जास्त झाल्यास खरेदीदारास करारपूर्ती मागण्याचा, किंवा दिलेली सर्व रक्कम द.सा.द.शे. … टक्के व्याजासह १५ दिवसांत परत घेण्याचा, पर्याय राहील. हा पर्याय फक्त खरेदीदाराचा आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर विक्रेता स्वतःच उशीर करून 'घ्या तुमचे पैसे परत' म्हणू शकतो, आणि भाव वाढलेल्या बाजारात त्याला तेच हवं असतं.